ऑकच्या जागी ग्रेप

मुलांनो, माझं कारखान्यातलं काम का सुटलं, ते माझ्याकडूनच ऐका.

जोह्याला तुमच्या धाकट्या आजोबांचा, म्हणजे माझ्या दिरांचा, गणपतींचा कारखाना. ऑर्डरी मी पेणला घरच्या कॉम्प्युटरवर ठेवत असे. परदेशी पाठवायच्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या सगळ्यांत आधी पेटीत भरायच्या. त्या निवडायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्यात ऑक ही आज्ञा होती आणि शोधायला ‘दुबई|मस्कत’. मधली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’.

रोह्याच्या कंपनीत असलेला भाचा, माझ्या नणंदेचा मुलगा, एका रविवारी घरी आला आणि मला न विचारता त्याने ऑकच्या जागी ग्रेप ही दुसरी शोधायची आज्ञा घातली. शोधायचे शब्द तेच ठेवले. पण साध्या ग्रेपला उभी रेघ म्हणजे नुसती रेघ. पुढे इंग्रजी मोठा ‘ई’ जोडल्याशिवाय ग्रेप तिला ‘किंवा’ मानत नाही. ग्रेप ‘दुबई|मस्कत’ हे अख्खंच शोधत बसला, आणि चूक झाली असंही म्हणाला नाही. कोरा पडदा पाहून मी दिरांना सांगितलं, या खेपेला बाहेरचं काही नाही.

बोट गेली. मग मस्कतहून एका सूनबाईंचा कारखान्यात फोन आला, आमची मूर्ती निघाली का म्हणून. लग्नानंतरचा त्यांच्या घरचा पहिलाच गणपती होता.

“वहिनी, तुम्हीच बोललात ना, काय नाय म्हणून?” मी कारखान्यात गेले तेव्हा दीर म्हणाले.

भाचा शेजारीच चहा पीत होता. “मामा, वय झालं की व्हायचंच असं. मामीला आता आराम द्या.”

घरी येऊन मी स्क्रिप्ट उघडली आणि त्याला फोन लावला.

“हो गो मामी, मीच बदललं. जरा सुटसुटीत केलं.”

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

“आता कशाला? तुला कोण रागावणार आहे?”

या मुलाला कॉम्प्युटरची पहिली आज्ञा मी शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी बसने जोह्याला जाऊन दिरांना सगळं सांगितलं. मूर्तीच्या किरीटावरचा ब्रश त्यांनी थांबवला नाही.

“व्हय, बोलला तो मला सकाळीच. जाऊ द्या वहिनी, घरातलाच हाय. आता तोच बघेल ते कॉम्प्युटरचं.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी ऑर्डरींची फाइल भाच्याला पाठवून दिली. मस्कतच्या सूनबाईंना मूर्ती पोचणार नाही हे सांगायचं मात्र दोघांनीही माझ्यावरच सोडलं होतं. तो फोन मी केला.