उंबऱ्यापुढचं स्टिकर

तंजावरात पिढ्या गेल्या, त्यामुळे घरात मराठी बोलत असलो तरी रांगोळीला आम्हीही कोलमच म्हणतो. दारात तो आईच घालायची. सडा टाकून तांदळाच्या पिठाचे ठिपके, मग त्यांच्याभोवती रेघ. घरात कुणी गेलं की कोलम घालत नाहीत, घातलेला असला तर धुऊन काढतात. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

छातीत दुखतं म्हणून आईला इस्पितळात नेलं तेव्हा मी बारा वर्षांची. अप्पा तिच्यापाशी, मी घरी, आणि समोरच्या मामींची माझ्यावर नजर. चार दिवस मी वाकडातिकडा का होईना, कोलम घातला. पाचव्या दिवशी जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेनं. त्यानं उंबऱ्यापुढची कोरी जागा पाहिली, खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कधी झालं?"

"काही नाही झालं," म्हटलं खरं, पण मला तरी काय माहीत? दुपारी अप्पा येईपर्यंत मी उंबऱ्यातच बसून राहिले. आई पेज प्यायली होती म्हणे.

तेव्हा दुकानांत प्लास्टिकचे चिकटवायचे कोलम नुकतेच आले होते. आई नाक मुरडायची, "मुंग्यांनी पिठाऐवजी काय प्लास्टिक खायचं?" खाऊ नका म्हणावं. मी एक स्टिकर आणून उंबऱ्यापुढे घट्ट चिकटवलं. ते आहे तोवर आईला काही होणार नाही, असं मी स्वतःशी ठरवूनच टाकलं. तरी शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबायची. आधी जमिनीकडे बघायचं, मगच पुढे पाऊल.

तीन दिवसांनी कोपऱ्यावरून पाहिलं तर मामी आमच्या दारात बादली घेऊन उभ्या. त्यांनी पाणी ओतलं. स्टिकर हललं नाही. मग त्या खाली बसून नखानं कडा खरवडू लागल्या. माझ्याकडे बघेनात.

"मामी, राहू द्या."

"काढायला हवं, कण्णा," त्या नेहमीच्या लाडाच्या हाकेनं म्हणाल्या.

"नको ना."

मी त्यांचा हात ढकलला आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून बसले. मामी रडत होत्या, मला त्यांचा राग येत होता. अप्पा आईला पांढऱ्या चादरीत घेऊन आले, तेव्हा दार मोकळं करायला मला उचलावं लागलं.