सॅम्युएल काकांच्या बासचा स्पंज

आमच्या घरात बास गिटारी चार आहेत आणि बास वाजवणारा माणूस एक आहे. त्यालाही वाजवायला सवड मिळत नाही, कारण चारातल्या तीन गिटारी कायम उघडलेल्या असतात.

तो माणूस म्हणजे आमचे हे. तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत. ज्यांना बास गिटार ठाऊक नसेल (लग्नाआधी मलाही नव्हती), त्यांना एवढंच सांगते की साधी गिटार म्हणजे घरातली बडबडी नणंद, आणि बास म्हणजे थोरला दीर. चारच तारा, त्याही जाड. मागे उभा राहतो, मोजकं बोलतो, पण तो उठून गेला की कार्यच बसतं.

ह्यांच्यासारखे हौशी बासवाले पनवेलात पाच-सहा तरी असतील. रविवारी एकत्र जमतात. मला वाटायचं, वाजवायला जमतात. नाही! एकमेकांच्या गिटारी उलट्या करून बघायला जमतात. याच्या तारा त्याला, त्याचं बटण याला. नवी वस्तू आली की आठ दिवस तिच्यासारखी दुसरी नाही, नवव्या दिवशी तिच्यात खोट निघते आणि ती दुसऱ्याच्या घरी जाते. एवढ्या वेळात आमच्याकडे दोन मुलींची लग्नं लावून झाली असती. ह्यांचं रिपेरिंग माझ्या ओट्यावर चालतं. एका शेगडीवर कोलिम (बारीक जवळा) शिजतोय आणि शेजारी हे तारांखालच्या लोहचुंबकाच्या वायरीला डाग देतायत. माझ्या दुधाच्या पातेल्यात ह्यांनी जुन्या तारा उकळल्यात. म्हणे, मळ निघाला की तारा पुन्हा तरुण होतात. मी म्हटलं, "मग मलाही घाला एकदा." त्यांनी ऐकलं नाही, कारण मी ते मनातच म्हटलं होतं. मी बहुतेक गोष्टी मनातच म्हणते.

तर, सॅम्युएल काका. आमच्या पनवेलचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. त्यांच्याकडे तेव्हापासूनची एक बास होती, पिकलेल्या जांबासारखी लाल, आणि वजनाला पाट्यासारखी. पण तिची तार छेडली की ओल्या वाळूवर नारळ पडावा तसा "धुम्" आवाज यायचा आणि तिथल्या तिथे थांबायचा. त्या आवाजासाठी आमचे हे तीन वर्षं काकांच्या मागे होते. काका काही देत नव्हते.

मग काकांची पाठ दुखायला लागली. (दुसऱ्याच्या पाठदुखीने एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता.) डॉक्टरांनी जड काही गळ्यात अडकवू नका म्हणून बजावलं, आणि ह्यांच्याकडे होती एक हलकी बास, सुपासारखी. काका म्हणाले, "बघू या मग अदलाबदल करून."

या बासवाल्यांची एक रीत आहे. अदलाबदलीआधी तीन दिवस एकमेकांची गिटार घरी ठेवून बघायची. म्हणजे मुलगी नुसती पाहायची नाही, आधी नांदायला आणायची! काका त्यांची बास घेऊन आले, ती कोचावर टेकवली, ह्यांची हलकी खांद्याला लावली आणि ह्यांना म्हणाले,

"विलास, तुझा हात मला माहीत आहे. तीन दिवस हिला पाना लावायचा नाही. मी ठेवली तशीच मला दिसली पाहिजे. काहीही बदललेलं दिसलं, तर मी माझी घेऊन जाणार आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"काका, आईची शपथ!" हे म्हणाले.

"माजी कशाला?" आतून सासूबाई ओरडल्या.

हे शब्दाला जागले. स्क्रू ड्रायव्हरचा डबा स्वतःच नेऊन बबनभावजींकडे ठेवून आले. बबनभावजी म्हणजे ह्यांचे जिवलग मित्र, त्या रविवारच्या ग्रुपमध्ये ढोलकी वाजवतात. तीन दिवस हे बाससमोर दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता काका कायमचा निकाल द्यायला येणार होते.

तो चौथा दिवस नेमका खंडेनवमीचा.

खंडेनवमीला अवजारं धुऊन पुसून पुजायची. आमच्याकडे यात हयगय नाही. हे सकाळीच कारखान्यातल्या मशीनच्या पूजेला गेले आणि मी घरातली अवजारं काढली. कोयता, विळी, पक्कड, हातोडी, शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. सासूबाई दारात बसून देखरेख करत होत्या.

"अगो, सगली आवजारा धुतलीस. नं त्यो बाजा?"

"तो आपला नाही आय. काकांचा आहे."

"मंग? पावना हाय म्हनून सनाला पारोसा ठेवाचा? बग केवरा मलका हाय त्यो!"

हे मला पटलं. पाहुण्याला पारोसा ठेवणं बरं दिसत नाही. आणि काका म्हणाले होते, पाना लावायचा नाही. फडक्याबद्दल ते काहीच बोलले नव्हते!

मी ओल्या फडक्याने बास पुसली. फडकं तीन वेळा पिळलं, तीनदा काळं पाणी निघालं. बास नव्या नवरीसारखी दिसायला लागली. आणि तेव्हा मला खालच्या टोकाला, तारांच्या खाली दडपलेला, एक तपकिरी चिकट स्पंजाचा तुकडा दिसला. भांडी घासायचा स्पंज महिनाभर फेकला नाही की होतो तसा. मला ह्यांचा राग आला. काहीतरी पुसायला घेतला असेल आणि विसरले असतील, काका काय म्हणतील? मी तो ओढला, तर तो हातातच भुगा झाला. तेवढ्यात खाली घंटागाडी वाजली. भुगा कचऱ्यात, कचरा गाडीत. इतक्या चपळाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

मग हळदकुंकू लावलं, बासच्या डोक्यावर झेंडूची माळ घातली, ओवाळलं. सासूबाई म्हणाल्या, "आता कसा देवासारका दिसतं!"

हे एक वाजता आले. बासकडे बघून आधी हसले, माळेवरून हात फिरवला आणि हौसेने एक तार छेडली.

टंण्ण्ण्ण्ण्ण्ण!

जिन्यावरून रिकामी कळशी गडगडत गेल्यासारखा आवाज, आणि तो थांबेचना. हे तार धरायचं विसरून माझ्याकडे बघत राहिले.

"काय केलंस हिला?"

"पुसली."

"आणि?"

"आणि... ओवाळली."

"तारांखालचा स्पंज कुठाय?"

"तो मळका होय? तो टाकला."

हे खाली बसले. म्हणजे कोच मागे होता, पण हे त्याच्या अलीकडेच बसले. "अगं, तोच तर आवाज होता! तो तारांना दाबून धरतो म्हणून धुम् येतो! तीन दिवस मी हात मांडीखाली घालून बसलो, आणि तू..."

वाक्य तिथेच सोडून हे स्कूटर काढून घंटागाडीच्या मागे गेले. ती म्हणे त्यांना थेट पळस्प्याच्या अलीकडे सापडली.

"गाडीत टाकलेलं परत मिळत नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आणि ओल्यात टाकलंय का सुक्यात?"

"गिटारचा स्पंज आहे हो!"

"मग तो कशात मोडतो?"

 हे अर्ध्या तासाने नुसता वास घेऊन घरी आले.

तोवर मी बबनभावजींना बोलावून घेतलं होतं. त्यांनी धीर दिला, "स्पंजच ना? पनवेलात स्पंजाला काय तोटा?" आणि सुरू झालं. तारांखाली आधी भांड्यांचा नवा स्पंज घातला. आवाज आला, पण पिठाच्या डब्यावर थाप मारल्यासारखा. मग भावजींनी स्वतःच्या हेल्मेटच्या आतला काढला. दोन तारा दबल्या, दोन बोंबलत राहिल्या. करंजा बंदरावरून मासळी घेऊन आलेला थर्माकोलचा खोका होता, त्याचा तुकडा घातला तर बास उंदरासारखी चुंचूं करायला लागली, वर बोंबलाचा वास! सासूबाईंनी डब्यातून पाव आणून दिला. "यो घाल. नरम हाय." आणि खोटं कशाला सांगू, त्या तिन्ही वस्तूंपेक्षा पाव बरा वाजला. पण तिसऱ्या ठोक्याला त्याचा चुरा पडायला लागला.

घड्याळात साडेतीन. हे भिंतीला टेकून म्हणाले, "जाऊ दे बबन. आपल्या नशिबात नव्हती." एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. तीन वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती मी एका फडक्याने पुसली होती.

मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि कपाट उघडलं.

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या भाच्याचं लग्न होतं. त्यासाठी शोभाताईंकडून मी नवा ब्लाऊज शिवून आणला होता. जन्मात पहिल्यांदाच आतून कप लावलेला. (ते लावा म्हणून सांगायला मी शोभाताईंच्या दुकानात तीन खेपा घातल्या होत्या. दोन वेळा बाहेर पुरुष उभे होते म्हणून बटणं घेऊन परत आले.) मी कात्री घेतली, देवाचं नाव घेतलं आणि डावा कप उसवला. नवा दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून पिळला. मग मुठीत धरून बाहेर आले आणि ह्यांच्या हातात ठेवला.

"हा कसला?"

"घाला हो."

ह्यांनी घातला आणि तार छेडली.

धुम्!

दुसरी. धुम्! तिसरी, चौथी, सगळ्या धुम्! बबनभावजी उठून नाचायलाच लागले. हे म्हणाले, "अगं, कुठनं काढलास?" मी चहा ठेवायला आत गेले.

चार वाजता काका आले. झेंडूची माळ बघून म्हणाले, "अरे वा, सूनबाईंनी सजवली की!" मांडीवर बास घेतली, डोळे मिटले, वाजवायला लागले. मी पडद्याआडून बघत होते. काका वाजवतायत, वाजवतायत, आणि मध्येच थांबले. चष्मा काढला. बासमध्ये नाक घातलं.

"विलास, हा स्पंज माझा नाही."

काकांनी तो बोटाने चाचपून बघितला.

"माझा मी बंद पडलेल्या थेटराच्या खुर्चीतून काढला होता. चौकोनी होता. हा गोल आहे."

ह्यांनी हात जोडले. "काका, चुकलं. तुम्ही घेऊन जा तुमची बास. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"थांब रे!" काका म्हणाले. "चौकोनी होता तेव्हा मधल्या दोन तारा जास्त दबायच्या, कडेच्या दोन सुटायच्या. चाळीस वर्षं मी ते सोसलं. याला कशी गोलाई आहे बघ! तारांच्या कमानीत कसा बेताने बसलाय! डोकं लढवलंय कुणीतरी. कुठे मिळाला?"

"हिलाच विचारा," ह्यांनी बोट दाखवलं, पडद्याकडे.

"सूनबाई, कुठल्या दुकानात मिळतो हा?"

मी पडदा आणखी घट्ट धरला. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत पुढे आल्या, वाकल्या, बघितलं. "अगो बाय! यो तं तुज्या नव्या पोल..."

मी पडद्याबाहेर झेप घेतली आणि प्रसादाच्या शिऱ्याचा मोठा घास त्यांच्या तोंडात कोंबला. "घ्या आय, प्रसाद राहिला होता तुमचा!"

काकांनी बास ह्यांच्या हातात दिली. "ही आजपासून तुझी. पण हा स्पंज मी नेणार, तुझी ती हलकी बास मला याच्यावरच बघायची आहे. तुला काय, घरात माहीतगार आहे. दुसरा मिळेल."

संध्याकाळी मी ह्यांना खरं काय ते सांगितलं. आधी त्यांना हसून हसून उचकी लागली. मग उचकी थांबली. मग अगदी गंभीर होऊन म्हणाले, "अगं, पण उजवा आहे ना अजून?"

उजवाही गेला. भाच्याच्या लग्नात मी पदर गळ्यापर्यंत लपेटून बसले, आणि बायका आपल्या मुलींना सांगत होत्या, बघा, याला म्हणतात मर्यादा.

पण गोष्ट तिथे थांबली असती तर! सणवार, लग्न उरकून मग एका रविवारी सगळे बासवाले जमले. काकांनी हलकी बास वाजवून दाखवली, ह्यांनी जड. सगळ्यांनी दोन्ही उलट्या करून बघितल्या आणि सगळ्यांनाच तो स्पंज हवा झाला. कुणाकडे दोन बास, कुणाकडे तीन. ह्यांनी घरी येऊन फर्मान काढलं, "बारा आण. आणि हे बघ, कशातला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझी लाज राखली!"

माझी ती राखलेली लाज घेऊन मी शोभाताईंच्या दुकानात गेले. दुकानात चार बायका होत्या. माझा नंबर आला.

"बोला वहिनी, काय शिवायचंय?"

"शिवायचं काही नाही. ते... कप हवेत. नुसते."

"किती?"

"बारा."

शोभाताईंनी मशीन थांबवलं. चारही बायका वळल्या. "बारा? अहो, एवढे तुम्हाला कशाला?"

आता गप्प बसावं ना! आयुष्यभर तेच केलंय. पण त्या दिवशी चार बायकांच्या नजरेपुढे माझं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून जे खरं होतं ते बाहेर पडलं.

"नाही हो, मला नकोत. ह्यांच्या मित्रांना हवेत."

शोभाताईंनी माझ्याकडे बघत बघत मापाची वही ओढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "मग... साईज?"

"मोठा," मी म्हटलं. "काकांना मोठाच बसला."

सगळे मला सांगतात, बाई, तू बोलत का नाहीस, जरा बोलत जा चारचौघांत. बोलले होते एकदा. ते दुकान आमच्याच गल्लीत आहे. हल्ली मी मागच्या रस्त्याने बाजारात जाते.