कवितेसारखी मांडलेली फाईल

वर्गात कविता सुरू झाली की बाकांवर सगळ्यांच्या बोटांचा ठेका पडायचा. तो अजून कानात आहे.

मित्रांनो, आपल्या वर्गमित्रांच्या आवाजातल्या कवितांची वेबसाइट मीच सांभाळतो. पुण्याच्या सूनबाईनं मला कमांड, म्हणजे संगणकाला द्यायचा हुकूम, लिहून त्या वेबसाइटची सेटिंगची फाईल बदलायला शिकवलंय. कोणाचा आवाज कुठं ठेवलाय, हे वेबसाइटला त्या फाईलवरून कळतं.

आज दुपारी ती फाईल फार रुक्ष वाटली. पुस्तकात कवितेची एकाआड एक ओळ आत सरकलेली असते, तशी मी ती मांडली. कमांड चालवली तर उत्तर आलं, फाईल वाचता येत नाही. वेबसाइट कोरी.

सूनबाईला फोन लावला.

"बाबा, तिथं मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. जुनी प्रत ठेवली का?"

"न्हाई."

"मंग आता हात लावू नका. रात्री बघते."

पण आपल्या वर्गातल्या, आता हयात नसलेल्या दिनकरचा आवाज त्याची बायको अंबडला रोज संध्याकाळी ऐकते. आज काय ऐकेल? तुमच्यापैकी कुणाला ती फाईल आत्ता दुरुस्त करायला जमेल का?

एवढं लिहून ठेवलं आणि रात्री आठला दार वाजलं. दिनकरची बायको, कधी घरी न आलेल्या वहिनी, अंबडहून एकट्या एसटीनं आल्या होत्या, हातात मोबाईल.

"भाऊजी, हे आज बोलून न्हाई राह्यले."