रक्त ढवळणारी इम्पी

माझा मेहुणा एल्यास गावोगाव डुकरं कापायचा आणि माझी ताई इम्पी बादली घेऊन त्याच्या मागे उभी असायची. गरम रक्त बादलीत पडलं की गार होईपर्यंत बर्च झाडाच्या काठीने ढवळत राहायचं, हे तिचं काम. हात थांबला की रक्त थिजतं, मग त्याची धिरडी होत नाहीत. ढवळताना काठीला पांढरट धागे गुंडाळून यायचे, ते ती कुत्र्याला टाकायची. आख्खं गाव तिच्या धिरड्यांचं नाव काढायचं. एल्यास मात्र ताट चाटूनपुसून मीठ कमी होतं म्हणायचा. असला माणूस.

पुढे तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मीच तिला योएनसू शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं काम विचारून घेतलं आणि नीट समजावलं. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबी साठते. ती साफ करायला शरीराच्या रक्षक पेशी आत शिरतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या मागून आणखी येतात. आतल्या आत सूज धरते, वरचा पापुद्रा पातळ होत जातो आणि कधीतरी तडकतो. मग ती जखम बुजवायला रक्तातली प्रथिनं धागे विणतात आणि आधीच अरुंद झालेली वाट गुठळीने बंद होते.

"तुमच्या काठीला लागतात ना, तेच हे धागे," बाई म्हणाल्या.

इम्पी हसली. "म्हणजे मी इतकी वर्षं बाहेरचंच ढवळत बसले."

गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. एल्यासने बाटली उघडली आणि चुलीत उपडी केली.

"ढवळलेलं रक्त थिजत नाही, हे तुला मी सांगायचं?" तो इम्पीला म्हणाला. "चालत राहा, लाकडं वाहा. बसलीस की थिजलीस."

मी त्याच्यावर तुटून पडले. बादलीतले धागे काठीला लागून बाहेर येतात, हिच्या आत काठी कोण घालणार, असं विचारलं. त्याने मला शहरातली दीडशहाणी ठरवलं. मी गुपचूप दुसऱ्या गोळ्या आणल्या, तर ताईच म्हणाली, राहू दे ग, घरात कटकट नको. त्याचा मला राग येतोच, पण त्या 'कटकट नको'साठी तिचाही येतो.

थंडी पडेपर्यंत ती लाकडं वाहत राहिली. कुंपणाशी थांबून छाती धरायची आणि त्याने पाहिलं की रुमाल नीट केल्यासारखं करायची.

नाताळचं डुक्कर त्याने घरच्याच अंगणात कापलं. मी सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात, पाणी तापवत होते. एल्यासचं ओरडणं ऐकून बाहेर आले.

"हात का थांबवलास? सगळं रक्त नासवलंस!"

बादलीतलं रक्त थिजलं होतं. इम्पी शेजारी बर्फात बसली होती, मान कललेली, काठी मुठीत तशीच. तो अजून बादलीतच बघत होता.

दफनानंतरच्या कॉफीला तो आल्यागेल्याला सांगत सुटला की बसली म्हणून गेली, ढवळत राहिली असती तर आज असती. माणसं माना डोलवत होती. मी किटली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"ती जात होती म्हणून बसली, एल्यास. आणि तू बादली बघत होतास."

त्याने कप पुढे केला. मी किटली उचलली आणि पुढच्या माणसाकडे गेले.