सात नंबरची वही

नानांना कीबोर्डला हात लावताना आमच्या वर्गातल्या कुणीही पाहिलं नाही. तरी जळगावच्या आमच्या कॉलेजात मशीन बिघडलं की प्राध्यापकसुद्धा आधी त्यांनाच हाक मारायचे. पदाने लॅब असिस्टंट, मूळचे पिंपळनेरकडचे, बोलायला अहिराणी, राहायला पिंप्राळ्यात. चपला दाराबाहेर काढून यायचे, खुर्ची ओढून आपल्यामागे बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "काल काय टाकं?"

त्यांच्या लॅबमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला सुतळीने एक वही बांधलेली असे. मशीनमध्ये काहीही नवं टाकलं की त्यात लिहायचं: काय टाकलं, कुठे टाकलं, कुणी टाकलं. कॉम्प्युटर शिकायला आलोय की तलाठ्याच्या हाताखाली, असं मीच एकदा म्हटलं होतं. ते नानांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मशीन खोटं बोलस नही. मानूस इसरी जास. म्हनीसन वही."

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता केळीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचा. सात नंबरचं मशीन मी आणि सलीम आळीपाळीने वापरायचो; त्याचा प्रोजेक्ट वेगळा. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक अकराला येणार होते आणि नऊ वाजता माझा पायथन प्रोग्राम सुरू होताक्षणी बंद पडायला लागला. काय चुकलं हे सांगणारी एक ओळही नाही, खिडकी उघडायची आणि मिटायची. प्रोजेक्ट चालला नसता तर वर्ष गेलं असतं, हाती आलेली नोकरीही गेली असती. मी घाबरून सापडेल ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, टाकत सुटले. ढिम्म फरक पडेना, तेव्हा भर लॅबमध्ये सलीमवर ओरडले, "तूच काहीतरी घालून ठेवलंस! माझं वाटोळं केलंस."  त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात नाना मागे येऊन बसले. "माय, आते काही टाकू नको," म्हणाले आणि वही उघडली. सलीमची नोंद सुवाच्य अक्षरात होती: आकडेमोडीची लायब्ररी, अमुक आवृत्ती, अख्ख्या मशीनसाठी. माझी एकही नोंद नव्हती.

"काल काय टाकं?"

"काही नाही, नाना."

त्यांनी सलीमच्या नोंदीखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.  शेवटी मला आठवलं. तीच लायब्ररी, नवी आवृत्ती, आदल्या दिवशी मी माझ्या फोल्डरमध्ये टाकली होती. घाईत होते, वहीत लिहिलं नव्हतं.

"मंग पायथन कोनती उचलस? इचार त्याले."

विचारलं. पायथन माझी नवी उचलत होता आणि फोटो वाचणारी लायब्ररी सलीमच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली. दोघांनी भाजीत मीठ घातलं होतं. एकाने सांगून, दुसरीने न सांगता. मी माझी लायब्ररी काढली, सकाळपासून कोंबलेलं बाकीचंही काढलं, आणि केळीचं पान पडद्यावर आलं. साडेदहा झाले होते. मला रडूच आलं.

नानांनी वही पुढे सरकवली. मी सगळं लिहून काढलं. ते वाचून म्हणाले, "आखो एक राह्यनं," आणि सलीमकडे पाहिलं. जितक्या मोठ्याने ओरडले होते, तितक्याच मोठ्याने मी त्याची माफी मागितली. सोपं नव्हतं ते.

मी पास झाले, नोकरीला लागले. आज कंपनीत काही कोसळलं की माणसं आधी एकमेकांकडे बघतात. मी तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "थांबा, काल मी काय टाकलं ते आधी बघते." लोकांना हा माझा मोठेपणा वाटतो. तो नानांचा आहे, आणि मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

निवृत्तीनंतर ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी भेटले तेव्हा बरेच थकले होते. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सलीम कसा शे? बोलतस ना तुम्ही?"

"बोलतो ना, नाना. एकाच ऑफिसात आहोत. रोज डबा बरोबर खातो."

"मंग बठ्ठं चालू शे," सगळं ठीक चाललंय अशा समाधानाने म्हणाले आणि उशीला टेकून डोळे मिटले. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. आम्ही दोघं सोबतच धुळ्याला गेलो.