रेफ्रीनं पाहिलं नव्हतं

आधी चहा संपवा, मग ऐका. ही माझी फजिती सांगताना आमच्या स्टाफरूममध्ये दोघांच्या नाकातून चहा आलेला आहे. त्यातले एक आमचे संस्कृतचे सर, जे एरवी वर्षातून एकदा, तेही गॅदरिंगलाच हसतात.

तर मी भूगोलाचा मास्तर. मूळचा अकोल्याचा, नोकरी दर्यापूरच्या एका शाळेत. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच की वर्गातला पृथ्वीगोल कधीमधी काखेत मारून नेतो. पण आमचे खेळाचे सर निवृत्त झाले आणि मुख्याध्यापिका मॅडमनी मुलींची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात घातली. मी म्हटलं, "मॅडम, मला ऑफसाइड म्हणजे काय तेसुद्धा कळत नाही." त्या म्हणाल्या, "पोरींले कळते. तुमी फक्त वळण लावा."

वळण लावा म्हटल्यावर काय, माझ्या अंगात वडीलच संचारले. वडील अकोल्याला वकील होते. आमच्या घरी भांडणसुद्धा कलमवार व्हायचं. मी रविवारी बसलो आणि टीमसाठी पाच कलमांचा करारनामा लिहून काढला. वेळेवर यायचं. शिवी द्यायची नाही. पडलेल्या मुलीला उचलायचं, मग ती आपली असो की त्यांची. चौथं कलम माझं सगळ्यात लाडकं: आपल्याकडून चूक झाली तर ती स्वतः सांगायची, रेफ्रीनं पाहिलेली असो वा नसो. हे लिहून झाल्यावर मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. पाचवं कलम, बाहेरून कोणी ओरडायचं नाही. जो ओरडेल त्यानं पुढची मॅच मैदानाच्या फाटकाबाहेर बसून काढायची.

मी मैदानावर हे वाचून दाखवलं तेव्हा आचल नावाच्या नववीतल्या मुलीनं हात वर केला. आचल आमची मागच्या फळीतली खेळाडू. बारीक चणीची, पण तिच्या बाजूनं बॉल घेऊन जाणं म्हणजे एसटीत खिडकीची जागा मिळवण्याइतकं अवघड.

"सर, हे पाचवं तुमालेबी लागू हाय का?"

आता मी नाही म्हणायचं की नाही? पण मी तेव्हा इतका फुगलो होतो की खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे 'प्रशिक्षकासह' असं वर लिहिलं. वर सहीसुद्धा ठोकली.

पालकांच्याही सह्या घ्यायच्या होत्या. सगळ्यांनी केल्या, फक्त आचलचा कागद कोरा परत आला. म्हणून मी मोटारसायकल काढून तिच्या गावी गेलो. तिचे वडील गजाननभाऊ शेती करतात. गावच्या भजनात खंजिरी वाजवतात, दरवर्षी मोझरीच्या आश्रमात जाऊन येतात, आणि बोलतात अगदी मोजकं. त्यांनी कागद हातात घेतला, ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"लिवलं चांगलं हाय, सर," ते म्हणाले. "पोरीनं खेळावं, माहं काई म्हणनं नाई. पण मैदानावर मानसाचं तोंड खराब होते. म्या एकदा पायलं हाय. पोट्टं हरलं त त्याच्या सरनं त्याची माय काढली. चारचौघात."

मला इतका उमाळा आला की विचारू नका. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "भाऊ, माझ्या मैदानावर असं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून आचलला घरी ठेवा. मी एक अक्षर बोलणार नाही."

बघा, हे मी बोललो. कोणी मागितलं नव्हतं. आतून आचल दाराआडून ऐकत होती आणि तिनं कपाळाला हात लावला, तो मला तेव्हा दिसला होता.

गजाननभाऊंनी सही केली. "एक मॅच म्या सोता येऊन पाहीन," ते म्हणाले, "मंग ठरवू."

ती मॅच अमरावतीला होती. समोरची टीम शहरातली, सगळ्यांच्या पाठीवर एकसारख्या बॅगा, पायांना पॅड. आमच्या पोरी दर्यापूरहून जीपमध्ये कोंबून आलेल्या, अर्ध्या अजून आळस देत होत्या. गजाननभाऊ एसटीनं वेगळे आले आणि निंबाखालच्या पायरीवर हाताची घडी घालून बसले. मॅडमही आल्या होत्या. खेळायला उतरण्याआधी आचल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, बाबा पाहून राहिले. आज सगळं नीट झालं पायजे." मी म्हटलं, "तू फक्त खेळ गं, बाकीचं मी पाहतो."

आणि काय खेळल्या पोरी. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. बरोबरीत सुटली तर टायब्रेकर, आणि आमची गोलकीपर टायब्रेकरमध्ये कोणाला ऐकत नाही. म्हणजे जिंकल्यातच जमा होतो आम्ही. मी तर मनातल्या मनात सोमवारच्या प्रार्थनेचं भाषणसुद्धा सुरू केलं होतं.

तेवढ्यात आमच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, गर्दी झाली. कोणीतरी बॉल मारला, तो आचलच्या हाताला लागला आणि बाहेर गेला. रेफ्रीच्या समोर चार मुली होत्या, त्याला काहीच दिसलं नाही. त्यांच्या पोरींनाही कळलं नाही. मला दिसलं. देवानं मला तेवढ्यापुरती घारीची नजर दिली होती.

आणि आचलनं हात वर केला. रेफ्रीकडे गेली आणि सांगितलं, "सर, माह्या हाताले लागला."

आता त्या क्षणी वळण लावणाऱ्या, कलमं लिहिणाऱ्या, छातीवर हात ठेवणाऱ्या माणसानं काय करायला हवं होतं? टाळ्या वाजवायला हव्या होत्या ना? मी लाइनच्या आत चार पावलं पळालो आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "आचल, हात खाली कर! कोणी नाही पाहिलं बे! येडी झाली काय?" आणि त्याच्या शेपटाला, लहानपणी अकोल्याच्या बसस्टँडवर शिकलेला एक शब्द आला. तो तुम्हाला सांगत नाही. चहा सांडेल.

मैदान गप्प झालं. शेंगदाणे विकणारा होता, तोसुद्धा गप्प झाला.

त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो. पोरी माझ्याकडे येत होत्या, मागून मॅडम येत होत्या, निंबाखालून गजाननभाऊ उठले होते. आणि अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो, पण मी वकिलाचा मुलगा. मी म्हणालो, "शाब्बास! मी तुमची परीक्षा घेत होतो. सर ओरडले तरी तुम्ही खरं बोलता की नाही, हे मला पाहायचं होतं."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आचलनंच आधी टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या मागून सगळ्यांनी. "सर, मंग आमी पास ना?" कॅप्टन म्हणाली. मी म्हटलं, "पास काय, पहिल्या नंबरात पास."

सुटलो असं वाटलं मला. पण मॅडमनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "सर, मूल्यशिक्षण याले म्हनतात," त्या म्हणाल्या, "सोमवारी प्रार्थनेत तुमी हे सांगा." जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी धामणगावच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बहिणीला फोन केला होता. बहिणीनं तिच्या मुख्याध्यापकांना सांगितलं. दर्यापूर यायच्या आत मला धामणगावच्या शिक्षकांसमोर या विषयावर बोलायचं आमंत्रण आलं. शाल-श्रीफळ देणार होते. मी हो म्हणालो. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

पण त्याआधी, मैदानावरच, गजाननभाऊ माझ्याजवळ आले होते. आचलची पिशवी त्यांच्या खांद्याला होती.

"परीक्षा होती म्हनता, सर."

"हो, भाऊ. तशीच घ्यावी लागते."

"मंग थो शेवटचा शब्दबी परीक्षेतलाच होता काय?"

त्यांनी हे रागानं नाही विचारलं. खरंच विचारावं तसं विचारलं. मी हसलो, पण नुसते दात दिसले असतील. ते मान हलवून निघाले आणि आचलला एसटीनं सोबत घेऊन गेले. जीपमध्ये तिची जागा रिकामी राहिली, तरी कोणी पाय पसरून बसलं नाही.

सोमवारी आचल शाळेत आली नाही. मी प्रार्थनेच्या आधी रांगा दोनदा फिरून आलो. मग मॅडमनी माझं नाव पुकारलं, परीक्षेचा सगळा प्रकार सांगितला आणि माइक माझ्या हातात दिला. समोर सगळी शाळा. नववीच्या रांगेत एक जागा मोकळी. मी शनिवारीच तयार केलेलं भाषण खिशात होतं. आणि मला इतकी लाज वाटली की त्या खिशात हातच जाईना.

"परीक्षा नव्हती," मी म्हणालो. "मला मॅच जिंकायची होती म्हणून मी ओरडलो. आचल खरं बोलली आणि मी तिला खोटं बोलायला सांगितलं. नंतर तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलं टाळ्या वाजवायच्या की नाही या विचारात होती. तेवढ्यात टीमची कॅप्टन पुढच्या रांगेतून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मंग सर, पाचवं कलम." अख्खी शाळा हसली. मीही हसलो.

शाळा सुटल्यावर धामणगावला फोन करून शाल-श्रीफळाला नाही कळवलं आणि तडक आचलच्या घरी गेलो. गजाननभाऊ अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलेल्या बायकोशी बोलत होते. मी गाडी लावायच्या आतच बोलायला सुरुवात केली, थांबलोच नाही. खोटं बोललो, चुकलो, तुम्हाला शब्द दिला आणि मोडला, मला काय म्हणायचं ते म्हणा, पण तिला खेळू द्या, मी ती टीम सोडतो.

त्यांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं.

"सर, ओरडले म्हनून म्या तिले घरी नाई ठेवलं," ते म्हणाले. "जिंकाच्या वक्ती मानूस ओरडते. पण शनवारी बसमधी पोरगी मले इचारे, बाबा, सरले माहा राग आला असन का? म्हनलं, खरं बोलली तू, आन् भेव तुलेच वाटून राहिलं? थे माह्याच्यानं पायल्या नाई गेलं."

"पण तिनं तर टाळ्या वाजवल्या, भाऊ. परीक्षा आहे असं तिला..."

"काई परीक्षा नोती, हे सगळ्या पोरींले मालूम होतं, सर. तुमची इज्जत राहाले पायजे म्हनून वाजवल्या."

बावीस वर्षं नोकरी झाली माझी. एवढ्या पोरींनी मिळून मला सांभाळून घेतलं आणि मला वाटत होतं मी त्यांना बनवलं. मला तिथेच रडू आलं. तोंड लपवायला काही नव्हतं, डाळ पाखडायचं सूपही माझ्या हातात नव्हतं.

आचल दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "बेटा, तू बरोबर होतीस. मला तुझा राग आला नव्हता. मला हरायची भीती वाटली होती. माफ कर मला."

ती जरा वेळ अंगठ्यानं उंबरा उकरत राहिली. मग म्हणाली, "सर, पण माहा हात थोडा बाहेरच होता अंगापासून. तसा नोता ठेवाले पायजे."

गजाननभाऊ हसले. पहिल्यांदा पाहिलं मी त्यांना हसताना. "उद्यापासून येईन थे," ते म्हणाले. "आन् टीमगीम काई सोडू नका. पण सर, तुमच्या तोंडाचं पाहा लागन काईतरी."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते तशी ती.

पुढची मॅच अकोल्याला होती. मी शिक्षेप्रमाणे फाटकाबाहेर एका दगडावर बसलो. माझ्याच गावात, ओळखीची माणसं स्कूटर थांबवून विचारत होती, "काय सर, तिकीट नाही मिळालं का?" तेवढ्यात गजाननभाऊ आतून बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. पोरीची मॅच सोडून. फाटकाच्या फटीतून अर्धं मैदान दिसत होतं, तेवढंच दोघं पाहत होतो. बॉल आपल्या डीकडे आला आणि मी दगडावरून उठलो, तोंड उघडलं, आणि त्या उघड्या तोंडात त्यांनी मूठभर फुटाणे टाकले.

"खा, सर," ते म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक मॅचला ते खिसा भरून येतात. आता मी आत बसतो, ते माझ्या उजव्या बाजूला. बॉल आपल्या बाजूला आला की मूठ पुढे येते. त्यानंतर आम्ही पाच मॅच खेळलो आणि चार जिंकल्या. पोरी एकमेकींशी बोलून, आपापसात ठरवून इतकं सुंदर खेळतात की बघत राहावं. आचल तर आता सगळ्या मागच्या फळीला सांभाळते.

परवा अमरावतीच्या त्याच टीमला आम्ही हरवलं. मॅच संपल्यावर त्यांचे कोच मुद्दाम भेटायला आले. "सर, फार शांत कोच आहात तुम्ही," ते म्हणाले. "मुलींना इतकं मोकळं खेळू देणं आम्हाला जमत नाही. काय रहस्य आहे, सांगा ना."

मी नुसती मान हलवली. गंभीर चेहरा करून त्यांचा हात हातात घेतला. ते जाताना त्यांच्या सहकाऱ्याला म्हणाले, "बघितलं? किती नम्र माणूस आहे."

नम्र कसला हो. तोंड भरलेलं होतं, बोलता येत नव्हतं.