पडणाऱ्या मुलीचे सहा भाग

ज्याने कोणी तो सिनेमा काढला, त्याने जन्मात मैदानाला दोन फेऱ्या मारलेल्या नाहीत. हे मी पैजेवर सांगते. एकदा काढून गप्प बसला असता तर मी विसरलेही असते. पण त्याने एकामागून एक सहा भाग काढले, आणि ते सगळे आमच्या जावयाजवळ होते.

दिवाळीची दुपार होती. पहाटे तेल लावून सगळ्यांच्या अंघोळी झाल्या होत्या, केळीच्या पानावर पोटभर जेवणं झाली होती, माणसं चटयांवर लोळत होती. जावयाने आपला फोन टीव्हीला जोडला आणि मला म्हणाला (आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात), "मामी, हा बघाच. हसून हसून पोट दुखेल."

सिनेमा परदेशातला, बोलणं तमिळमध्ये घातलेलं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण पिढ्यानपिढ्या राहतो तमिळ मुलखात. पोलिसांच्या शाळेत वेचून वेचून नालायक माणसं भरती होतात, एवढीच गोष्ट. एक जण शिट्टी गिळतो, मग तो श्वास घेईल तेव्हा पोटात शिट्टी वाजते. एक जण स्वतःलाच कोठडीत कोंडून किल्ली बाहेर फेकतो. शिकवणारा अधिकारी दर भागात शेणाच्या खड्ड्यात जातो. आणि एक जाडी मुलगी असते. ती धावली की पडते. बाकी तिला काही कामच नाही. चिखलात पडते, अधिकाऱ्याच्या अंगावर पडते, भिंतीवरून पडते.

खोटं कशाला बोलू, शिट्टीवाल्याला मी हसले. त्या मुलीचं मात्र हसू आलं नाही. मला खऱ्या मुली माहीत होत्या.

पोलिसांच्या मैदानाच्या फाटकाबाहेर मी तीस वर्षं इडल्या विकल्या. नवरा लवकर गेला, शाळा पाचवीपर्यंत, दुसरं काय करणार? भरतीच्या दिवसांत मुली पहिल्या बसने यायच्या. कोणी पापनाशमकडची, कोणी ओरत्तनाडूकडची, कोणी कालव्यापलीकडच्या खेड्यातली. घरून निघताना आईने केसांत मोगरा माळलेला, हातात बांगड्या, पायात पैंजण. फाटकावर सांगायचे, हे सगळं काढा. मग ठेवणार कुठे? माझ्याकडे. इडल्या बांधायला वाळलेली केळीची पानं असायचीच. एकेका मुलीचं सामान एकेका पानात गुंडाळून मी केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने बांधायची आणि टोपलीत ठेवायची. नाव लिहीत नव्हते. तोंड बघून ठेवायची, तोंड बघून द्यायची. तीस वर्षांत एकीची बांगडी दुसरीला गेली नाही.

द्यायच्या वेळी तोंड बदललेलं असायचं. धावून आलेली मुलगी आणि आत गेलेली मुलगी एकच आहे हे ओळखायला नजर लागते. कोणी ओकलेली असायची, कोणाच्या टाचा सोललेल्या असायच्या. ज्या पडायच्या त्या सगळ्यात शेवटी बाहेर यायच्या, भिंतीच्या कडेकडेने. आणि त्यांतल्या कितीतरी पुढच्या भरतीला परत यायच्या. मी ओळखायची. पिंढऱ्या घट्ट झालेल्या, मोगरा घरीच ठेवलेला, बोलणं कमी. सिनेमा काढणाऱ्याला हे कोणी सांगितलं नाही. त्याच्या सहाव्या भागात ती मुलगी पहिल्या भागाइतकीच बावळट आहे. सहा भागांत माणूस एवढंही शिकत नाही? आमची म्हैससुद्धा एकदा घसरलेल्या पायरीवर दुसऱ्यांदा पाय जपून ठेवायची.

आता नातीचं सांगते. माझ्या मुलाची मुलगी, आमच्या घरातली पहिली जी पोलीस व्हायचं म्हणते. आमच्या लोकांत मुलं मास्तर होतात, कचेरीत जातात, बँकेत बसतात. पोलीस कोणी नाही, आणि मुलगी तर नाहीच. अंगाने ती भरलेली आहे. माझ्यावर गेली आहे, त्यात तिचा काय दोष? गेल्या वर्षी लेखी परीक्षा पास झाली आणि मैदानावर चारशे मीटर धावताना दुसऱ्या वळणावर पडली. गुडघा फुटला, वेळ टळली, घरी आली. या वर्षी पुन्हा लेखी पास झाली. मैदानाला एक महिना होता.

तर तिसऱ्या भागात ती जाडी मुलगी चिखलात तोंडावर आपटली, आणि जावयाने टाळी वाजवली. "अगे, ही तर आपलीच! गेल्या वर्षी हेच केलंस ना? भाग दुसरा कधी लागतोय?"

सगळे हसले. माझा मुलगा, तिचा सख्खा बाप, तोही हसला. सून पदर तोंडाला लावून हसली. आणि नात? तीही हसली. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मुलं मामा म्हणतात. म्हणाली, "पुढच्या महिन्यात, मामा. तिकीट काढून ठेवा."

ती रडली असती तर मी बोलले नसते. ती हसली म्हणून माझं डोकं फिरलं.

"जावईबापू," मी विचारलं, "तुमच्या दहावीचे किती भाग झाले होते?"

टीव्हीतला अधिकारी खड्ड्यात ओरडत होता.

"तीन भाग पडले ना? लग्न ठरताना तुमच्या आईनेच सांगितलं होतं. चौथा चालला. तेव्हा आम्ही कोणी तिकिटं काढली नव्हती."

जावई उठला. शर्ट घातला, चपला घातल्या, मोटरसायकल काढून गेला. सणाच्या दिवशी, संध्याकाळची कॉफी न घेता. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. जावयाला सासूने वर मान करून बोलायचं नाही, हे मला माझ्या सासूने शिकवलं होतं आणि मी ते तोवर पाळलं होतं.

माझी मुलगी, त्याची बायको, माझ्यावर धावून आली. "आई, दिवाळीत जावयाला असं बोलतात?"

"दिवाळीत नातीला असं बोलतात?"

"ते गमतीने म्हणाले!"

"मीही गमतीनेच विचारलं."

मुलगा म्हणाला, "आई, साधा सिनेमा आहे. कोणी मेलं का?" मी त्याला म्हटलं, तू तोंड उघडू नकोस, तू बाप असून हसलास.

दुसऱ्या दिवसापासून नात धावायला उठेना. आधी ती पहाटे पाचला कालव्याच्या रस्त्यावर जायची, पुलापासून वडापर्यंत आणि परत. आता सहा वाजले तरी पांघरुणात. पहिल्या दिवशी म्हणाली पाय दुखतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली पाऊस येईल. चौथ्या दिवशी मी विचारलं, "खरं काय ते सांग."

तिने फोन काढून दाखवला. त्या सिनेमातला तोच तुकडा, मुलगी चिखलात पडते तो. तिने तो किती वेळा पाहिला होता देव जाणे.

"आजी, मी अशीच दिसत असणार. आत सगळ्यांनी पाहिलं असेल. या वेळी वळण आलं की मला हेच आठवणार. मी नाही जात. बँकेची परीक्षा देते."

"बँकेची दे. पण मैदानावर जाऊन आल्यावर दे."

"तुला काय जातं म्हणायला? तुला कधी कोणी हसलं?"

 तीस वर्षं रस्त्यावर बसलेल्या विधवेला कोण काय काय बोलतं, ते नातीला सांगायची ती वेळ नव्हती. समजावणंही मला जमत नाही. माझे गुडघे गेले आहेत, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मी काठी घेतली, कमरेला चिंचोक्यांची पुरचुंडी खोचली आणि कालव्याच्या पुलावर जाऊन कठड्याला टेकून बसले. दूधवाला थांबला. तो तमिळ, आजीला पाट्टी म्हणतो. "काय पाट्टी, इथे का बसलात?" मी म्हटलं, नात धावणार आहे, तिच्या फेऱ्या मोजायच्या आहेत. तो इकडेतिकडे बघून गेला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

सव्वासहाला नात आली, केस विस्कटलेले, रागाने लाल. "आजी, घरी चल. दूधवाला आईला सांगून गेला, तुझी सासू पुलावर एकटीच बसून चिंचोके मांडते आहे म्हणून. लोक हसतील."

"हसू देत. तू धावत नाहीस तोवर मी बसते."

"मी धावणार नाही."

"मग मीही उठणार नाही. मला काय काम आहे?"

ती तिथेच उभी राहिली. सायकलवरून शेतात जाणारे दोघे वळून वळून बघत गेले. शेवटी तिने ओढणी काढून माझ्या अंगावर फेकली आणि धावत सुटली. अशी धावली जशी कोणाला मारायला निघाली आहे. वडापर्यंत गेली, परत आली. मी एक चिंचोका उजवीकडे ठेवला. "हा एक."

"गप्प बस, आजी," ती धापा टाकत म्हणाली आणि पुन्हा सुटली.

त्यानंतर रोज गेलो. एकदा ती पडलीसुद्धा, पुलाजवळच्या खडीवर. मी उठले नाही. मला पटकन उठता येतच नाही. मी एवढंच म्हटलं, "वळताना आतल्या पायावर जोर देतेस, म्हणून पडतेस. मी हजार मुली वळताना पाहिल्या आहेत." तिने तळहात झाडले आणि तेच वळण दहा वेळा करून पाहिलं.

मैदानाच्या दिवशी मी ऑटो करून फाटकावर गेले. माझ्या जागेवर आता दुसऱ्या कोणाची चहाची गाडी आहे. फाटकाबाहेर बाप, भाऊ, काका अशी सगळी गर्दी. कडुनिंबाखाली मोटरसायकल लावून आमचा जावई उभा होता. मुलीने पाठवला असणार. महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. तो आला, कागदी पेल्यातली कॉफी पुढे केली, "मामी." मी घेतली. "साखर जास्त आहे," म्हटलं. "हो," म्हणाला. तेवढंच बोललो.

भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू यायची, पावलांचा आवाज यायचा, मग थांबायचा. पुन्हा शिट्टी.

नात बाहेर आली तेव्हा तिचं तोंड लाल आणि ओठ पांढरे होते. मी विचारलं, "काय झालं?"

"वेळेत आले." मग थोडं पाणी पिऊन म्हणाली, "आजी, माझ्या पुढची मुलगी पडली. त्याच वळणावर. मी तिच्यावरून उडी मारून पुढे गेले. थांबले नाही. चुकलं का?"

"नाही. तिथे थांबायचं नसतं."

तेवढ्यात ती मुलगी बाहेर आली. काडीसारखी बारीक. कपाळापासून गुडघ्यापर्यंत चिखल, एक पाय ओढत, भिंतीच्या कडेने. सिनेमावाल्याने हीसुद्धा पाहायला हवी होती. फाटकाजवळचे दोघे तिला बघून फिदीफिदी हसले. एकाने फोन वर केला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण नात माझ्या आधी गेली. चांगला मोठा आवाज आहे तिचा, आम्ही कधी ऐकलाच नव्हता. तमिळमध्ये म्हणाली, "काय अण्णा, हसायला काय झालं? जा आत, एक फेरी मारून दाखवा. फोन मी धरते."

त्याने फोन खिशात घातला. दुसरा उगाच बसच्या रस्त्याकडे बघायला लागला. आमच्या जावयाने मान खाली घातली होती आणि रिकामा पेला दोन्ही हातांनी चेपत होता.

ती बारीक मुलगी येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि हुंदके द्यायला लागली. तिच्याबरोबर कोणी आलेलं नव्हतं. मी तिचे बूट पाहिले. एका बोटाची जागा पुढे रिकामी.

"कोणाचे गे हे?"

"भावाचे."

"मग पडशील नाहीतर काय करशील? पुढच्या वेळी आपल्या मापाचे घालून ये. आता तोंड धू."

नातीने तिच्या हातावर पाणी ओतलं. मग ओल्या हातानेच केस मागे सारून जावयाकडे वळली. "मामा, उद्या लांब उडी आणि गोळा आहे. सहाला यायचं आहे. मला सोडाल?"

"पावणेसहाला येतो," जावई म्हणाला.